टर्बो गाडीसाठी टिकाऊ एक्झॉस्ट: पहिल्या मोजमापापासून शेवटच्या तपासणीपर्यंत

एक्झॉस्टचा पाइप तडकतो तो सहसा वेल्डच्या मधोमध नव्हे, तर वेल्डच्या कडेला, जिथे वितळून थिजलेला धातू आणि न वितळलेला पाइप एकमेकांना भेटतात त्या रेषेवर. काही वर्षांपूर्वी मी माझ्या टर्बो-पेट्रोल गाडीसाठी एका दुकानातून पाइप करून घेतला होता. वेल्ड दिसायला देखणे होते, आवाजही भरदार होता, पण पहिला पावसाळा सरतो न सरतो तोच टर्बोच्या (एक्झॉस्टच्या वायूवर टर्बाइनची चाती फिरवून इंजिनात जास्त हवा भरणाऱ्या यंत्राच्या) फ्लँजजवळ, म्हणजे जोडाच्या जाड चकतीजवळ, केसासारखी बारीक चीर दिसू लागली. ती भरून घेतली, तर महिन्याभरात शेजारीच दुसरी पडली. पाइप उतरवून टेबलावर ठेवला तेव्हा कारण कळले. इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये पाइपला लवचीक तुकडाच दिलेला नव्हता, आणि हँगरांनी, म्हणजे पाइप गाडीखाली टांगणाऱ्या दांडे-रबरांनी, पाइप इतका घट्ट धरला होता की तापल्यावर त्याला लांब व्हायला जागा उरली नव्हती. तेव्हापासून एक्झॉस्टच्या प्रत्येक जोडाकडे पाहताना मी एकच प्रश्न विचारतो: पाइप वाढेल आणि इंजिन डोलेल, तेव्हा ती हालचाल जाणार कुठे? पुढच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाभोवती मांडल्या आहेत.

उदाहरणासाठी चाकणच्या कारखान्यात तयार होणारी फोक्सवॅगन व्हर्टस, तिच्या १.५ लिटर टीएसआय इंजिनासह, घेतली आहे. चार सिलिंडरचे हे इंजिन १५० पीएस शक्ती आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क देते आणि बॉनेटखाली आडवे बसते. त्याचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सर्व सिलिंडरांचा वायू एकत्र आणणारा भाग, वेगळा नसून सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो, त्यामुळे मॅनिफोल्ड बनवण्याचे अवघड काम आपोआप टळते आणि आपली सुरुवात टर्बोच्या तोंडापासून होते. ट्यूनिंगनंतर इंजिन सुमारे १८० अश्वशक्ती देईल असे धरून पुढची गणिते केली आहेत.

काम सुरू करण्यापूर्वी कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणीपुस्तकात नमूद असलेल्या वैशिष्ट्यांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. कलम १९०(२) मध्ये आवाज आणि हवेच्या प्रदूषणाची मानके मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिन्यांसाठी लायसन्सची अपात्रता अशी तरतूद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० नुसार प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवाच. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा टर्बोला लागून असलेला कंपनीचा कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा, थोडक्यात कॅट) आणि त्याचे सेन्सर यांना हात लावू नये, त्याच्या मागचा पाइप बदलायचा असेल तर आवाज मूळ गाडीइतकाच ठेवावा आणि आधी आरटीओत विचारणा करावी. नवा डाउनपाइप, म्हणजे टर्बोला लागून असलेला पहिला पाइप, फक्त ट्रेलरवरून ट्रॅकवर नेल्या जाणाऱ्या गाडीलाच बसवावा, आणि तिथेही कॅट काढून न टाकता धातूच्या जाळीचा, विरळ पेशींचा कॅट वापरावा.

व्यास: अंदाजाने नव्हे, हिशेबाने

टर्बोच्या मागे दाब जितका कमी, तितका टर्बाइनच्या दोन बाजूंतील दाबाचा फरक मोठा आणि तितका टर्बो लवकर वेग घेतो. टर्बो इंजिनाला मागचा दाब लागतोच हा समज नैसर्गिक श्वासाच्या, म्हणजे टर्बो नसलेल्या, इंजिनांविषयीच्या अर्धवट ऐकीव गोष्टींतून आलेला आहे. पण म्हणून पाइप वाटेल तितका मोठा घ्यावा असेही नाही, कारण मोठा पाइप जड असतो, गाडीखालच्या बोगद्यात मावत नाही, स्पीडब्रेकरला लागतो आणि केबिनमध्ये घुमतो.

पेट्रोल इंजिनाला दर १० अश्वशक्तीमागे मिनिटाला साधारण १ पौंड हवा लागते. म्हणजे १८० अश्वशक्तीसाठी मिनिटाला सुमारे ८.२ किलो हवा, आणि त्यात इंधन मिळवले की ८.८ किलो वायू. टर्बोनंतर तापमान ६५० अंश सेल्सिअस धरले, तर हा वायू सेकंदाला जवळपास ०.३८ घनमीटर जागा व्यापतो. दीड मिमी जाडीच्या २ इंची पाइपमधून तो सेकंदाला सुमारे २१४ मीटर, अडीच इंचीतून १३४ मीटर आणि ३ इंचीतून ९१ मीटर वेगाने जाईल. त्या तापमानाला ध्वनीचा वेग सुमारे ६०९ मीटर असतो. वायूचा वेग ध्वनीच्या वेगाच्या पाव हिश्श्याखाली राहावा हा माझा ठोकताळा आहे, आणि त्यात अडीच इंच, म्हणजे ६३.५ मिमी, चपखल बसतो. २ इंच कमी पडतो आणि ३ इंच या इंजिनाला विनाकारण होतो. शक्ती वेगळी असेल तर हाच हिशेब आपला आकडा घालून करावा.

धातू

टिकाऊपणाचा निम्मा निर्णय खरेदीच्या वेळीच होतो. साधे पोलाद, म्हणजे एमएस, स्वस्त आणि वेल्डिंगला सोपे असते, पण आपल्या पावसाळ्यात फार टिकत नाही आणि कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत तर त्याहून कमी. स्टेनलेस स्टीलच्या ४०९ ग्रेडमध्ये साधारण ११ टक्के क्रोमियम असते. कंपन्या ते भरपूर वापरतात, कारण ते स्वस्त असते आणि तापल्यावर कमी वाढते, मात्र त्यावर तांबूस गंज चढतोच. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. मागच्या भागासाठी मी तेच निवडतो. टर्बोपासून पहिल्या अर्ध्या मीटरपर्यंत मात्र विचार बदलतो. ३०४ हे ४२५ ते ८५० अंशांच्या पट्ट्यात वारंवार राहिले की त्यातले क्रोमियम कार्बनशी संयोग पावून कणांच्या सीमांवर जमा होते, सीमेलगतचा धातू क्रोमियमवाचून उघडा पडतो आणि तिथूनच तो आतून कुरतडला जातो. डाउनपाइप नेमका याच पट्ट्यात काम करतो. त्यासाठी कमी कार्बनचे ३०४एल किंवा, मिळाल्यास, टायटॅनियम मिसळलेले ३२१ घ्यावे.

बाजारात एक धोका कायम असतो. २०२ ग्रेडचा पाइप ३०४ म्हणून सर्रास विकला जातो. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असते, आणि दोन्ही ग्रेड लोहचुंबकाला जवळपास सारखाच प्रतिसाद देत असल्याने लोहचुंबक लावून फरक कळत नाही. पाइप जिन्याच्या कठड्यासाठी विकणाऱ्याकडून घेण्याऐवजी चाचणी प्रमाणपत्र देणाऱ्या व्यापाऱ्याकडून घ्यावा. मुंबईत सी. पी. टँक आणि खेतवाडीच्या परिसरात स्टेनलेस पाइपांचे असे व्यापारी दाटीने आहेत. मँगनीज ओळखणारे रसायनाचे थेंब मिळतात, ते पाइपच्या कापलेल्या टोकावर टाकून रंग पाहावा. जाडी १.५ मिमी ठेवावी. अडीच इंची पाइपचे वजन मग मीटरला सुमारे २.३ किलो भरते. १.२ मिमीत मीटरमागे चारशेहून अधिक ग्रॅम वाचतात, पण वेल्ड करताना भोक पडण्याचा आणि हँगरपाशी फाटण्याचा धोका वाढतो, आणि रोजच्या गाडीत हा सौदा मला पटत नाही.

मोजमाप आणि आखणी

गाडी टू-पोस्ट रॅम्पवर घ्यावी. मागचे सस्पेन्शन त्यावर लोंबकळते, म्हणून मागच्या ॲक्सलजवळची मापे घेताना चाकांखाली स्टँड देऊन सस्पेन्शन वजनावर आणावे. अन्यथा ॲक्सलवरून जाणारे वळण टेबलावर अचूक दिसते आणि पहिल्याच खड्ड्यात ॲक्सलला आपटते. जुना पाइप सांभाळून उतरवावा आणि त्याच्या हँगरांच्या जागा खडूने गाडीखाली नोंदवाव्यात. कंपनीने त्या जागा हालचालींचा अभ्यास करून निवडलेल्या असतात, त्या शक्यतो बदलू नयेत. बॉडीपासून किमान २५ मिमी आणि ब्रेकचे पाइप, इंधनाची नळी व ड्राइव्हशाफ्टचे रबरी बूट यांच्यापासून किमान ५० मिमी अंतर ठेवावे. पाइपचा कोणताही भाग सबफ्रेमच्या (सस्पेन्शन धरणाऱ्या खालच्या चौकटीच्या) खालच्या पातळीखाली येऊ देऊ नये.

वळणे मँड्रेल पद्धतीने, म्हणजे आतून आधार देऊन, वाकवलेली तयार घ्यावीत. साध्या प्रेसवर वाकवलेला पाइप आतल्या बाजूने चेपतो, आणि आपण हिशेबाने निवडलेला व्यास नेमका वळणावर हरवतो. ४५ आणि ९० अंशांची चार-पाच वळणे आणि सरळ पाइप एवढ्यावर कोणतीही आखणी जमते. कापताना कट पाइपच्या अक्षाला काटकोनात असावा आणि दोन टोके एकमेकांवर टेकवल्यावर मधून बॅटरीचा उजेड दिसता कामा नये. इथे घालवलेला तास वेल्डिंगमध्ये दुप्पट परत मिळतो.

फ्लँज आणि लवचीक तुकडा

टर्बोकडच्या जोडासाठी नर-मादी कडांचा व्ही-बँड, म्हणजे दोन कडा एकत्र आवळणारा गोल पट्टा, मला सर्वांत विश्वासू वाटतो, कारण तो स्वतःला मध्यभागी आणतो आणि गॅस्केटविना बसतो. बोल्टचे फ्लँज वापरायचे असल्यास ते किमान १० मिमी जाडीचे लेझरने कापून घ्यावेत. भोसरीसारख्या औद्योगिक भागात हे काम तासाभरात होते. वेल्डच्या उष्णतेने फ्लँज वाकतो, म्हणून वेल्ड करताना तो तितक्याच जाड लोखंडी पट्टीवर बोल्टने आवळून ठेवावा, पूर्ण थंड झाल्यावरच सोडावा आणि नंतर त्याचा चेहरा लेथवर किंवा सरफेस ग्राइंडरवर सपाट करून घ्यावा. टर्बोच्या आतल्या वेस्टगेटची (जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या वाटेची) झडप उघडते तेव्हा तिची पाकळी डाउनपाइपच्या भिंतीला लागत नाही ना, हे पाइप बसवून हाताने तपासावे. झडप पूर्ण उघडली नाही तर बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, ताब्यात राहत नाही.

आडवे बसलेले इंजिन ॲक्सिलरेटर दाबला की मागे झुकते आणि सोडला की पुढे येते. ही हालचाल पाइपला थेट पोचली तर फ्लँजचे वेल्ड दर वेळी वाकते, आणि माझ्या पहिल्या पाइपचे हेच झाले होते. म्हणून डाउनपाइपच्या शेवटी, इंजिनाच्या डोलण्याच्या अक्षाच्या जवळ, १०० ते १५० मिमी लांबीचा लवचीक तुकडा, म्हणजे फ्लेक्स, लावावा. त्याच्या आत गुंतलेल्या कड्यांची स्टेनलेस नळी, तिच्यावर बेलोज (भात्यासारखी घड्यांची नळी) आणि बाहेर जाळी असे तीन थर असावेत. आत नळी नसलेला नुसता बेलोज वायूच्या माऱ्याने लवकर फाटतो. फ्लेक्स वाकणे सहन करतो, पिळणे सहन करत नाही. दोन पाइप जुळत नाहीत म्हणून फ्लेक्स वाकवून जोडणे ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे. थंड आणि स्थिर अवस्थेत तो अगदी सरळ, ताणाविना बसलेला हवा.

टॅक आणि वेल्ड

गाडीवर फक्त टॅक, म्हणजे जागा पकडून ठेवणारे छोटे वेल्ड, मारावेत, पूर्ण वेल्ड टेबलावर करावे. टॅक मारण्यापूर्वी बॅटरीच्या तारा काढाव्यात, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारी त्याच पाइपवर लावावा म्हणजे विद्युतप्रवाह टर्बोच्या किंवा चाकांच्या बेअरिंगमधून जाणार नाही, इंधनाच्या टाकीवर ओले जाड कापड टाकावे आणि अग्निशामक हाताशी ठेवावा. पिटमध्ये काम करत असाल तर आर्गन हवेपेक्षा जड असल्यामुळे खड्ड्यात साचतो आणि वासावाचून ऑक्सिजन हटवतो, हे कायम ध्यानात ठेवावे. खाली पंखा लावावा आणि एकट्याने उतरू नये.

साफसफाई ॲसिटोनने करावी. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मुळीच वापरू नये, कारण त्याचे अवशेष आर्कच्या उजेडात आणि उष्णतेत फॉस्जिन हा विषारी वायू तयार करतात. स्टेनलेससाठी वेगळा तारेचा ब्रश ठेवावा. एमएसवर घासलेला ब्रश वापरला की लोखंडाचे कण रुततात आणि नवा पाइप आठवड्यात ठिपक्या-ठिपक्यांनी गंजलेला दिसतो.

१.५ मिमी पाइपला टिगवर (टंगस्टन आणि आर्गन वापरणाऱ्या वेल्डिंगवर) ४५ ते ६० अँपिअर, १.६ मिमी टंगस्टन आणि टॉर्चला मिनिटाला ८ ते १२ लिटर आर्गन पुरतो. ३०४ ला ३०४ जोडताना ईआर ३०८एल, ३२१ साठी ईआर ३४७ आणि स्टेनलेसला एमएस जोडावेच लागले तर ईआर ३०९एल रॉड घ्यावा. या साऱ्याहून महत्त्वाचे आहे ते पाइपच्या आत आर्गन भरणे. ते केले नाही तर वेल्डची आतली बाजू हवेत जळते आणि तिथे काळी, दाणेदार, करपलेल्या साखरेसारखी खपली तयार होते. बाहेरून चंदेरी-सोनेरी दिसणारे वेल्ड आतून असे सडलेले असते, आणि चीर तिथूनच निघते. पाइपची टोके ॲल्युमिनियमच्या फॉइलने बंद करावीत, आर्गन खालच्या टोकाने आत सोडावा आणि वरच्या टोकाला छोटे भोक ठेवावे. अडीच इंची पाइपच्या एका मीटरमध्ये सुमारे २.९ लिटर जागा असते. आतली हवा पाच वेळा बदलावी असे धरले तर मिनिटाला ६ लिटरने अडीच मिनिटे थांबावे लागते. दुकानात हे सांगितल्यावर नकार आला, तर दुसरा वेल्डर शोधावा.

प्रत्येक जोडाला आधी चार, मग आठ टॅक मारावेत, आणि वेल्ड एका दमात गोल न फिरवता समोरासमोरच्या पाव-पाव भागांत करावे. फिकट सोनेरी रंग उत्तम, निळा चालण्याजोगा, आणि करडा आला तर उष्णता जास्त झाली असे समजावे. वेल्ड ग्राइंडरने घासून गुळगुळीत करण्याचा मोह टाळावा, त्याने भिंत पातळ होते.

हँगर: वाढीला वाट

३०४ चा एक मीटर पाइप ६०० अंशांनी तापला की सुमारे ११ मिमी लांब होतो, तर एमएस सुमारे ७ मिमी. आपल्या साडेतीन मीटरच्या पाइपमध्ये पुढचा भाग खूप आणि मागचा कमी तापतो हे धरून हिशेब केला, तर पूर्ण जोरात एकूण वाढ २४ मिमीच्या आसपास येते. इंजिनाकडचे टोक अडकलेले असल्यामुळे ही वाढ मागे सरकते. म्हणून मागच्या हँगरचा पाइपवरचा दांडा थंड अवस्थेत बॉडीवरच्या दांड्यापेक्षा ८ ते १० मिमी पुढे ठेवावा, म्हणजे गरम होताना रबर आधी सरळ होते आणि उरलेली वाढ दुसऱ्या बाजूला सामावते. मागच्या बंपरच्या कापाभोवतीही या पूर्ण वाढीइतकी मोकळीक हवी.

दांडा १० मिमीचा, भरीव घ्यावा आणि तो थेट पाइपच्या पातळ भिंतीला कधीही जोडू नये. आधी पाइपच्या गोलाईला बसणारी, गोल कोपऱ्यांची २ मिमी जाडीची पट्टी पाइपवर ठेवून तिच्या लांबीच्या बाजू वेल्ड कराव्यात, आडव्या कडा मोकळ्या सोडाव्यात आणि दांडा त्या पट्टीला लावावा. आडवे वेल्ड पाइपच्या वाकण्याला थेट आडवे येते आणि चिरेला सुरुवात देते. फ्लेक्सच्या लगेच मागे एक हँगर असावाच, नाहीतर मागच्या सगळ्या पाइपचे वजन फ्लेक्सवर लोंबते.

सेन्सर, सायलेन्सर आणि घुमणे

ऑक्सिजन सेन्सर बसवण्याचे भोक, म्हणजे बोर, एम१८ × १.५ आट्यांचे असते. ते पाइपच्या वरच्या बाजूला, आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर तिरके असावे. त्याखाली लावले तर थंडीत साचलेले पाणी सेन्सरच्या तापलेल्या सिरॅमिकवर पडून ते फुटते. सेन्सर ४० ते ६० न्यूटन-मीटर टॉर्कने आवळावा.

सायलेन्सर सरळ आरपार, छिद्रांच्या नळीचा घेतल्यास नळीभोवती आधी स्टेनलेस लोकरीचा थर असावा. नुसती काचतंतूची भरण वर्षा-दोन वर्षांत उडून जाते आणि आवाज हळूहळू वाढत जातो. चार सिलिंडरच्या इंजिनात २,५०० आरपीएमला स्फोटांची वारंवारता ८३ हर्ट्झ असते, आणि केबिनमध्ये डोके दुखवणारे घुमणे साधारण याच पट्ट्यात येते. ते मारायला एका टोकाला बंद अशी आडफाटा नळी लावतात, जिची लांबी त्या ध्वनीलहरीच्या पाव हिश्श्याइतकी असते. ३०० अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला ४८० मीटर धरला तर ही लांबी १.४४ मीटर निघते. छोट्या गाडीखाली एवढी जागा क्वचितच सापडते, म्हणून मध्ये एक रेझोनेटर (ठरावीक आवाज मारणारा छोटा डबा) आणि मागे शक्य तितका मोठा सायलेन्सर हाच मार्ग मी धरतो.

उष्णता आणि पाणी

पाइपला काचतंतूची पट्टी गुंडाळणे मी टाळतो. ती पाणी धरून ठेवते आणि आतली भिंत अधिक तापवते, म्हणजे गंज आणि चीर या दोन्हींना मदत करते. त्याऐवजी पाइपपासून १० मिमी अंतरावर पातळ पत्र्याची ढाल लावावी. मूळ गाडीवरच्या ढाली तर एकही काढू नयेत.

एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. गाडी रोज दोन-चार किलोमीटरच धावत असेल तर पाइप पुरता तापतच नाही आणि हे पाणी सायलेन्सरच्या तळाशी साचते. तिथे सर्वांत खालच्या जागी ३ मिमीचे एक भोक ठेवावे.

चाचणी

पाइप बसवल्यावर सर्व जोड आधी सैल ठेवावेत, पुढून मागे एकेक आवळत जावे, आणि शेवटी फ्लेक्स अजूनही सरळ आहे ना ते पाहावे. व्ही-बँडच्या बोल्टला तापमान सोसणारे अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारे वंगण, लावावे. मग घरगुती ब्लोअरने मागून हवा भरून प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावावे. सेन्सरच्या आधी, इंजिनाकडच्या बाजूला असलेली बारीक गळती फसवी असते. स्पंदनांमुळे तिथून हवा आत ओढली जाते, सेन्सर मिश्रण पातळ असल्याचे सांगतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, विनाकारण इंधन वाढवतो.

पहिल्यांदा इंजिन सुरू करण्यापूर्वी पाइपवरचे बोटांचे ठसे पुसून काढावेत, ते तापून कायमचे उमटतात. दहा मिनिटे आयडलवर चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी आणि व्ही-बँड पुन्हा आवळावा. असे तीनदा करावे. त्यानंतर १००, ५०० आणि १,००० किलोमीटरवर गाडी रॅम्पवर घेऊन फ्लँजच्या वेल्डची कड, हँगरच्या पट्ट्यांची टोके आणि फ्लेक्सची जाळी बॅटरीच्या उजेडात पाहावी. पाइपवर कुठे काजळीची काळी रेघ दिसली तर तीच गळतीची जागा आहे. रबरावर घासल्याची चमक दिसली तर पाइप एका बाजूला ओढला जात आहे, आणि तिथे रबर बदलण्यापूर्वी हँगरचा दांडा वाकवून सरळ करून घ्यावा.